एका परिच्छेदाचा माणूस

नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली आली. ओकोंक्वो या इग्बो पैलवानाचा रुबाब, त्याचा हट्ट, त्याचं घरदार पानंच्या पानं वाचताना तो आपल्या ओळखीचा होतो. शेवटी तो गळफास घेतो. ते पाहून गोरा जिल्हाधिकारी मनाशी ठरवतो, आपल्या नियोजित ग्रंथात याच्यावर एक परिच्छेद पुरे! ग्रंथाच्या नावात इग्बो ‘आदिम’ ठरतात, आणि त्यांना चिरडणं म्हणजे ‘शांत करणं’. अचेबे या अधिकाऱ्याला एक शिवीही देत नाहीत. लेखणी त्याच्याच हाती सोपवून बाजूला होतात. मला तर ही सभ्य, दफ्तरी भाषा शिवीपेक्षा जास्त झोंबते. आपल्याकडची जुनी ब्रिटिश गॅझेटियरं चाळताना हा अधिकारी जरूर आठवा.