बापजाद्यांची खुर्ची

हल्ली जो तो आजोबांच्या खुर्चीवर लिहितोय. आमच्या कोल्हापुरात जुने वाडे पडले, अपार्टमेंटं उठली, आणि वाड्यातली सागवानी आरामखुर्ची लेखात येऊन बसली. वेताची विणलेली पाठ, हाताखाली गुळगुळीत झालेलं लाकूड. वाचताना आपल्यालाही गलबलतं. पण आपण गलबलतोय कुणाच्या आजोबासाठी?

आपला आजा पाटलाच्या सोप्यावर कधी चढला नाही. अंगणात, तेही उकिडवा. घरात खुर्ची असती तरी पाटील दारावरनं जाताना तिच्यात बसून राहायची छाती नव्हती. खुर्ची लाकडाची असती. बसणं गावाच्या परवानगीचं.

आपल्याकडं पिढीजात आलं ते वतन. येसकराची घुंगुरकाठी बापाच्या हातनं पोराच्या हातात आली. तीही झिजून गुळगुळीत व्हायची, पण तिच्यासाठी कुणाचा कंठ दाटत नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महारवतन मोडलं. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, तरी वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आणि मधल्या काळात आपल्याच काही माणसांना वतन सोडवत नव्हतं. गुलामीचीसुद्धा माया लागते, लेकांनो!

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाची बैठक म्हणजे गोणपाटाचा तुकडा. सकाळी घरनं न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नव्हता. आठवण काढायची तर ह्या तुकड्याची काढू. पण हळवं होऊन नव्हे.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. २०२० साली तमिळनाडूत, कडलूर जिल्ह्यातल्या तेर्कू तिट्टै गावात, निवडून आलेल्या दलित पंचायत अध्यक्षेला बैठकीत जमिनीवर बसवलं. बाकीचे सभासद खुर्च्यांवर. फोटो देशभर फिरला. पद होतं, खुर्च्याही होत्या.

आता घरातलं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आठ तास उभा असतो, खुर्ची सायबाला. माझा बापही असाच उभा राहून मेला. त्यानं हप्त्यानं घडीची एक लोखंडी खुर्ची घेतली होती. तिचा रंग उडालाय, एक पाय वेल्डिंगचा. भाऊ म्हणतो भंगारात घाल. मी म्हणतो राहू दे, ही आपल्या घरातली पहिली खुर्ची. हा माझा हळवेपणा, आणि तो मला सोडायचाही नाही.

पण मग बघतो, त्या खुर्चीत बाप बसला, मी बसतो, बाबासाहेबांच्या जयंतीची वर्गणी मागायला आलेली पोरं बसतात. आई कधीच बसली नाही. बाप बसायचा तेव्हा ती चुलीपाशी, आता गॅसपाशी, पण भुईवरच. तिला कुठल्या पाटलानं अडवलं? पाटील तर आमच्या गल्लीत कधी आलाच नाही.

परवा म्हटलं, "आये, बस की हितं."

"भाकरी करपंल," ती म्हणाली, "आणि तू उठलास म्हंजे बसणार कुठं?"