कोड उडवलास, दोष तिथेच आहे

डांगे चौकातल्या झेरॉक्सवाल्याचा पुन्हा फोन. तोच कोड, 543. फ्यूजर ओव्हरहीट. आणि तुझं उत्तर मला आता पाठ झालंय: "सर, थेरगावात लाईट कमी-जास्त होते." वा! त्याच लाईनवर त्याचा कॉम्प्युटर चालतो, फ्रिज चालतो, शेजारची लेथ चालते. नाजूक फक्त तुझाच फ्यूजर? नाचता येईना, अंगण वाकडं.

तू तिथे काय करतोस, सांगू? सर्व्हिस मोडमध्ये शिरतोस, कोड उडवतोस, चार कॉप्या काढून दाखवतोस, चहा पितोस, गाडीला किक मारतोस. याला रिपेअरिंग म्हणतात? हा कोड मशीन बंद-चालू करून जात नाही. का? कुणीतरी आत डोकावल्याशिवाय रोलर पुन्हा तापू नये म्हणून. तो डोकावणारा तू. पगार त्याचाच घेतोस ना?

थर्मिस्टर काढून पाहिलास? त्यावर टोनरचा आणि कागदाच्या धुळीचा थर बसला की उष्णता त्याला उशिरा कळते. तोवर बोर्ड लॅम्प पेटताच ठेवतो आणि रोलर हद्दीबाहेर जातो. हे तुला ठाऊक नाही असं नाही. परवा नव्या पोराला तूच ऐकवत होतास, ड्रायरची गरम हवा दिली की रेझिस्टन्स गचके न खाता उतरला पाहिजे. बोलायला पोपट! मग गिऱ्हाइकाकडे मल्टिमीटर बॅगेबाहेर का येत नाही?

त्याला विचारलंस, कोड नेमका कधी येतो? मी विचारलं. वर्कशॉपांची चलनं छापताना. ए-5 कागद, उभा घातलेला, गठ्ठेच्या गठ्ठे. कागद जेवढ्या रोलरवरून जातो तेवढाच निवतो, उघडी टोकं तापत राहतात. त्यात मशीनची पाठ भिंतीला चिकटलेली आणि पंख्याची जाळी धुळीने बंद. दोन मिनिटांचा प्रश्न होता रे. पण विचारलं की काम निघतं, नाही का?

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण मागचं कव्हर उघडलं आणि थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना जोडलेली वायर दिसली. लाल. तुझ्याच बॅगेतली. "तात्पुरती" म्हणशील. गिऱ्हाइकाला सांगितलीस? मला सांगितलीस? ट्रायक शॉर्ट झाला तर बोर्डाचं कुणी ऐकत नाही, लॅम्प विझतच नाही. तेव्हा लाईन तोडणारा शेवटचा थर्मोस्टॅटच असतो, आणि तू त्यालाच बांधून ठेवलंस. तिथे कागदाचे गठ्ठे आहेत, वर माळ्यावर त्याचा मुलगा झोपतो. हा आळस नाही, गुन्हा आहे.

हात चांगला आहे तुझा, म्हणूनच चीड येते. अडाण्याला मी एवढं बोलत नाही.

मशीनची पिन काढून, चिठ्ठी लावून आलोय. उद्या गुरुवार, लाईट जाईल, ही सबब आत्ताच गिळून टाक. नवा थर्मोस्टॅट घे, थर्मिस्टर घे, ट्रायक तपास. बिल लावायचं नाही. पैसे तुझ्या पगारातून जातील.