वळूची वही, वळूचे पाय

भातलावणी आटोपत आली की रत्नागिरी जिल्ह्यात ठिकठिकाणी चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा भरतात. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. कोकणातल्या जनावराची याहून कडक परीक्षा दुसरी नाही. चिखलात रुतलेला खूर किती चटकन सुटतो, खांदा ओढ धरतो की जनावर अंग चोरते, शेवटच्या वळणावर दम उरतो का, हे सगळे गावाच्या डोळ्यांदेखत ठरते. जिंकलेल्या जोडीचे कौतुक होते, मालकाचे नाव पंचक्रोशीत होते. पण त्या बैलाच्या अंगात जे उतरले आहे ते पुढच्या पिढीत उतरण्याची वाट कधीच बंद झालेली असते. जोताचा बैल बहुधा खच्ची केलेला असतो.

मग गावातल्या गायी गाभण राहतात कोणाकडून? भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात. सड्यावर, वरकस जमिनीवर, काजूच्या बागांच्या कडेने चार-पाच वाड्यांची गुरे एकत्र चरतात. जो पाडा अंगाने उणा म्हणून जोताला घेतला नाही, ज्याला जोडीदार मिळाला नाही, ज्याचे खच्चीकरण राहून गेले, तोच या कळपात वळू होऊन फिरतो. चांगला पाडा जोताला आणि उरलेला गायींना, अशी ही वाटणी आहे. कोणी ठरवून ती केलेली नाही, तरी पिढ्यानपिढ्या चाललेली ही उलटी निवड आहे. आपल्या गावठी गुरांची चण खुजी होत गेली अशी तक्रार आपण करतो, तेव्हा दोष चाऱ्याला देतो, हवेला देतो. वळूकडे बघत नाही.

वळू निवडायचा म्हटले की दोन मते समोर येतात. एक मत म्हणते, वंश बघा: बाप कोण, आई कोण, आजी किती दूध देत होती. दुसरे म्हणते, जनावर बघा: पाय, खूर, छाती, चाल. या दोन मतांचा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा प्रयोग जगात शर्यतीच्या घोड्यांवर झाला आहे. म्हणून गोठ्यात परतण्याआधी त्या तबेल्यात डोकावणे उपयोगाचे ठरते.

थरोब्रेड घोड्यांच्या वंशनोंदीचे पुस्तक इंग्लंडमध्ये १७९१ साली निघाले. आज पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या मैदानावर धावणारा प्रत्येक थरोब्रेडही बापाच्या बाजूने मागे गेला तर बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापाशी पोहोचतो. एवढी तपशीलवार वंशावळ माणसांच्या राजघराण्यांनाही क्वचितच असेल. तरीही २००६ साली फ्लोरिडातल्या लिलावात ‘द ग्रीन मंकी’ नावाच्या दोन वर्षांच्या घोड्यावर १ कोटी ६० लाख डॉलरची बोली लागली. नॉर्दर्न डान्सर आणि सेक्रेटेरिएट या दोन थोर घोड्यांचे रक्त त्याच्या अंगात होते. तो तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. इतके रक्त असून त्याच्या वाट्याला नेमके काय आले होते, हे कागदावरून कळण्याजोगे नव्हते. आजोबाचा वाटा सरासरीने एक चतुर्थांश, पणजोबाचा एक अष्टमांश. तोही कोणता, हे प्रत्येक गर्भात नव्याने ठरते. सख्खे भाऊ सारखे निघत नाहीत, ते याच कारणाने.

उलट बाजूचे उदाहरण अधिक गंभीर आहे. रेझ अ नेटिव्ह हा अमेरिकेतला घोडा चार शर्यती धावला, चारही जिंकला आणि पायाची शीर दुखावल्याने कायमचा मैदानाबाहेर गेला. वेग अफाट, पाय नाजूक. पैदाशीला मात्र त्याला मोठी मागणी आली आणि मिस्टर प्रॉस्पेक्टरसारख्या मुलांमुळे त्याचे रक्त जगभर पसरले. अमेरिकेत १९६० च्या सुमारास एक घोडा वर्षाला सरासरी अकरा शर्यती धावत असे. आता हा आकडा सहाच्या आसपास आला आहे. याला एकटी पैदासच कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. औषधांचा वापर, शिकवण्याच्या पद्धती, शर्यतींचे अर्थकारण हीही कारणे आहेत. पण २००८ च्या केंटकी डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली आणि रेषा ओलांडल्यावर दोन्ही पुढचे पाय मोडून मैदानातच तिला दयामरण द्यावे लागले, तेव्हा त्या व्यवसायातल्या जाणत्यांनीच प्रश्न विचारला: पायाने टिकाऊ नसलेले घोडे आपण पिढ्यानपिढ्या बाप म्हणून निवडत आलो का? मला तो प्रश्न रास्त वाटतो. ज्या गुणाला बाजारात किंमत आहे तोच जपला जातो आणि ज्याची पावती फाडता येत नाही तो निसटत जातो.

यावरून वंशावळ फेकून द्यावी असा निष्कर्ष कोणी काढला, तर तोही चुकेल. घोड्याचा वेग त्याच्या स्वतःच्या पायांत दिसतो. वळूचे तसे नाही. वळू दूध देत नाही. त्याच्या मुली किती दूध देतील, त्यांची कास कशी असेल, वेत नियमित होईल का, यातले काहीही त्याच्या अंगावर वाचता येत नाही. ते त्याच्या आईला, बहिणींना आणि पुढे मुलींनाच विचारावे लागते. वंशनोंद म्हणजे हे विचारून ठेवलेले लेखी उत्तर होय. म्हणून माझ्या मते या वादाचा निवाडा एका नियमाने होतो: जे अंगावर दिसते ते अंगावरच तपासा; जे दिसत नाही त्यासाठी वही उघडा. पाय वाकडा असलेल्या वळूला मोठ्या आजीची शिफारस चालू नये. आणि देखण्या वळूच्या आईविषयी काहीच ठाऊक नसेल, तर तो दुधासाठी म्हणून निवडू नये.

नियम सोपा असला तरी त्याला एक पुरवणी जोडावी लागते. अधूपणा दिसला की तो जन्माचा की अपघाताचा, हे आधी विचारायचे. नांगराचा फाळ लागून लंगडणारा, झुंजीत शिंग मोडलेला वळू मुलांना लंगडेपण किंवा मोडके शिंग देत नाही. मागून पाहिल्यावर ज्याची ढोपरे आत वळलेली दिसतात, ज्याचे खूर फाकलेले आहेत, तो मात्र हे दोष देऊ शकतो. पहिल्याला आपण घाईने बाद करतो आणि दुसऱ्याला डौलदार वशिंड बघून माफ करतो. निवड करणाऱ्याने याच्या उलट वागायला हवे.

पाय आणि वही दोन्ही चोख असूनही घात होऊ शकतो. पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा होल्स्टीन वळू १९६२ साली अमेरिकेत जन्मला. त्याच्या मुली सोळा हजारांवर गेल्या आणि दुधाचे उत्पादन त्याच्यामुळे मोठ्या प्रमाणात वाढले. पण त्याच्या एका जनुकात दोष होता. एकाच बाजूने आला तर निरुपद्रवी. आई आणि बाप दोघांकडून आला तर वासरू गर्भातच मरे. त्याचे रक्त इतके पसरले की ते दोन्ही बाजूंनी येऊ लागले. अनेक दशकांनी जनुकांची तपासणी शक्य झाली तेव्हा हिशेब लागला: सुमारे पाच लाख गर्भपात. थरोब्रेड घोड्यांत नैसर्गिक मिलनाचीच सक्ती असल्याने एका घोड्याचा पसारा मर्यादित राहतो. गुरांत उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवलेल्या रेतमात्रा एका वळूची लाखो वासरे करू शकतात. निवडीतली चूकही तितक्याच पटींनी वाढते. म्हणूनच गोठित रेतमात्रांसाठी ठेवलेल्या वळूंना क्षय, ब्रुसेलोसिस यांसारखे रोग आणि आनुवंशिक दोष यांच्या चाचण्या लावल्या जातात. वाडीत फिरणाऱ्या वळूला मात्र यातले काहीही लागू नाही.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या प्रदेशाच्या शेतीचा अभ्यास करत आहे. ज्यांना आपण नुसती ‘गावठी’ म्हणत आलो, त्या गुरांना ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून २०१८ साली राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, ती या अभ्यासातूनच. लहान ते मध्यम चण, दूध मोजके, पण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात, दमट उकाड्यात, जांभ्याच्या कातळावर आणि डोंगरउतारावर उभे राहण्याची ताकद तिच्या अंगात आहे. हा निकोपपणा कोणत्याही वंशावळीत लिहिलेला नाही. तो पावसाने आणि कातळाने निवडला आहे. जे टिकले नाही ते मागेच राहिले.

आज ही परीक्षाच बंद पडत चालली आहे. पॉवर टिलर आला, जोते कमी झाली, बैल ठेवणारे घर दुर्मीळ झाले. त्याच वेळी दुधाच्या आशेने गीर किंवा जर्सीचा वळू, नाहीतर त्याची रेतमात्रा आणावी, असा कल वाढतो आहे. आणणाऱ्याच्या हातात कागद असतो आणि कागदावर आईच्या दुधाचा आकडा असतो. तो आकडा खरा असेलही. पण तो सौराष्ट्राच्या कोरड्या माळावरचा किंवा पंख्याखालच्या, खुराक पुरेपूर मिळणाऱ्या गोठ्यातला असतो. लहान चणीच्या गायीला मोठ्या चणीचा वळू दाखवला तर विताना गाय अडण्याचा धोका वाढतो. वासरू वाचले तरी जुलैच्या चिखलात त्याचे खूर टिकतील का, याचे उत्तर त्या कागदावर नसते. ज्याच्याकडे बांधलेला गोठा, विकतचा चारा आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य आहे, त्याने संकरित गाय जरूर पाळावी; त्याचा हिशेब वेगळा आहे. पण सड्यावर चरणाऱ्या गायींसाठी परका आकडा बघून वळू निवडणे म्हणजे ग्रीन मंकीवर बोली लावण्यासारखेच आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, खच्चीकरणाची घाई थांबवायची. वाडीतले चार-पाच चांगले पाडे दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत तसेच राखावेत. दोन पावसाळे त्यांच्या अंगावरून जाऊ द्यावेत. कातळावर चाल कशी आहे, खूर झिजतात का, पावसात अंग टाकतात का, स्वभाव कसा आहे, हे पाहावे. पशुवैद्याकडून वृषणांची आणि रेताची तपासणी करून घ्यावी. मग त्यांतला एक किंवा दोन ठेवावेत आणि बाकीचे जोताला द्यावेत.

दुसरी गोष्ट, वही सुरू करायची. जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आता लागतोच. तो लसीकरणापुरता न ठेवता त्याच्यापुढे तीन रकाने भरावेत: आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक आणि आई किती वेळा व्याली. शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. सात-आठ वेते होऊनही जी गाय संध्याकाळी आपल्या पायांनी डोंगर उतरून गोठ्यात येते, तिने आपल्या निकोपपणाचा पुरावा दिलेला आहे. वळू निवडायचा तो अशा गायीचा मुलगा. नांगरणीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या बैलाचीही आई आणि बाप लिहून ठेवावेत. तो स्वतः बाप होणार नाही, पण त्याचा भाऊ होऊ शकतो. अशा वहीत पाय आणि वंश यांचे भांडणच उरत नाही, कारण ती वंशावळ नात्यातल्या निकोपपणाची नोंद असते.

तिसरी गोष्ट, एक वळू एका गावात फार काळ ठेवायचा नाही. त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याआधी तो शेजारच्या गावाला द्यावा आणि तिकडचा आणावा. बाप आणि मुलगी यांच्या संकरातून झालेल्या वासरात एक चतुर्थांश जनुके दोन्ही बाजूंनी एकच येण्याचा संभव असतो. अर्लिंडा चीफच्या वंशात जे घडले त्याची छोटी आवृत्ती मग आपल्याच वाडीत घडते.

ही कामे एकट्या शेतकऱ्याची नाहीत. विद्यापीठ आणि पशुसंवर्धन विभाग यांनी तालुक्यातालुक्यात निवडक कपिला वळू राखावेत आणि त्यांच्या आयांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवावी. ग्रामपंचायतींनी वळूच्या चाऱ्याची सोय करावी. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी विजेत्या बैलाच्या आईच्या मालकाचाही सत्कार करावा. आणि ज्यांच्या गोठ्यात या पावसाळ्यात चांगला पाडा जन्मला आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे: दोन पावसाळे थांबा, त्याला खच्ची करू नका आणि त्याच्या आईचा क्रमांक आजच लिहून ठेवा.