पानाने काय धरून ठेवावं

हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवा. स्क्रीन उघडीच राहू दे. समोर अपाचे विकेट या जावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं एक साधं पान आहे: वर ग्राहकाचं नाव, मध्ये पत्त्याचा फॉर्म, खाली त्याच्या ऑर्डरी. सध्या यात काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं बघायचं.

आधी एचटीएमएलची फाइल, ओळीओळीने. तिच्यात लूप नाही, जर-तर नाही, जावाचा शब्दही नाही. डिझायनरकडून आली तशीच ती ब्राउझरमध्ये थेट उघडते. फक्त काही टॅगांना विकेटचा आयडी चिकटवलेला आहे. ऑर्डरींच्या तक्त्यात ओळ एकच दिसते. या एका ओळीच्या वीस होतील, पण ते इथे कुठेच लिहिलेलं नाही. जोनाथन लॉक यांनी 2004 मध्ये विकेट सुरू केलं, तेव्हा जेएसपीच्या पानांत जावा आणि टॅग यांची खिचडी झालेली असायची. ती ज्याने उपसली आहे, त्याला ही स्वच्छ फाइल बघत बसावंसं वाटतं.

आता शेजारची जावा फाइल. नाव तेच, पॅकेजही तेच. पानाला फॉर्म जोडलेला, फॉर्मला पत्त्याचं टेक्स्टफील्ड. टॅग ज्याच्या पोटात, कम्पोनंटही त्याच्याच पोटात हवा. फील्ड चुकून थेट पानाला जोडलं की पान उघडतच नाही. सातव्या आवृत्तीपासून हे जुळवण्याचं काम विकेटवर सोपवता येतं. मी अजून हातानेच जोडतो. कम्पोनंटांचं झाड डोळ्यांपुढे राहतं.

इथे जरा थांबा. नावाच्या लेबलकडे बघा. त्याच्याजवळ नाव नाही. ते मॉडेलला विचारतं.

ब्राउझरला उत्तर गेलं, तरी पान संपलेलं नसतं. त्याचे बाइट करून विकेट ते सर्व्हरवर जपून ठेवतं, म्हणून बॅकचं बटण दाबल्यावर मागचं पान सापडतं. पानाच्या हातात जे जे असेल, ते सगळं त्याच्याबरोबर जपलं जातं. मी एकदा अख्खा ग्राहक पानाच्या फील्डमध्ये ठेवला होता. कुणीतरी सकाळी ते पान उघडलं. मधल्या वेळात दुसऱ्याने त्या ग्राहकाचा फोन नंबर बदलला. दुपारी पहिल्याने फक्त पत्ता बदलून जतन केलं, आणि जुना नंबर परत आला. फॉर्ममध्ये फोनचा रकानाच नव्हता! पानाने सकाळचा ग्राहक दुपारपर्यंत धरून ठेवला होता, आणि जतन करताना तोच डेटाबेसवर उतरला.

म्हणून लोडेबल डिटॅचेबल मॉडेलची एक फेरी मनातल्या मनात करून बघा. रिक्वेस्ट येते. मॉडेलजवळ फक्त ग्राहकाचा क्रमांक आहे. कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, तेव्हा ते डेटाबेसकडे जाऊन ग्राहक आणतं. त्याच रिक्वेस्टमध्ये पुन्हा दहादा विचारा, तोच ग्राहक मिळतो, दुसरी खेप होत नाही. रिक्वेस्ट संपते. मॉडेल ग्राहक सोडून देतं. क्रमांक तेवढा उरतो. आणखी एकदा, सावकाश: क्रमांक, ग्राहक, पुन्हा क्रमांक.

आता तुमच्या पानाची फील्डं एकेक करून बघा. प्रत्येकापाशी थांबून विचारा: रिक्वेस्ट संपल्यावर हे कशाला हवंय? क्रमांक असेल तर राहू दे. निवडलेला टॅब, तोही राहू दे. ऑर्डरींची यादी? फील्डं संपली तरी उठू नका. लिंकच्या ऑनक्लिकमध्ये डोकवा. तिथे कन्स्ट्रक्टरमधला ग्राहक नावाचा साधा व्हेरिएबल वापरलेला असेल, तर तो लिंकला गुपचूप चिकटून पानाबरोबर आत जातो. फील्डांच्या यादीत तो दिसत नाही. एन्टिटी सिरियलायझेबल नसेल तर निदान लॉगमध्ये ओरड होते. असेल तर सगळं निमूट चालतं.

त्या ओळीवर कर्सर ठेवा. ग्राहक खोडून तिथे मॉडेलला विचारा. मग पुढची लिंक.