भट्टी कोणी पेटवली?

शास्त्रपाठ : यिर्मया १८:१-६, दानीएल ३:१९-२७



कुंभाराच्या घरावरील उपदेश ऐकला नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. चाक, माती, कुंभाराचा हात आणि सरतेशेवटी भट्टी असा तो ठरलेला क्रम. भट्टी आली की दु:खितांचे समाधान ओघाने आलेच : परमेश्वर तुम्हांला भाजून पक्के करीत आहे! किती आजाऱ्यांच्या उशाशी हे वाक्य उच्चारले गेले असेल याची गणती नाही.

इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट शहराच्या लाँगटन भागातले ग्लॅडस्टन कुंभारकाम संग्रहालय पाहण्याचा योग आला, तेव्हा हे वाक्य पुन्हा तपासून पाहणे आम्हांला भाग पडले. संग्रहालय म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा एक जुना कारखानाच आहे. अंगणाभोवती विटांच्या, बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या राखून ठेवल्या आहेत. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळशाच्या या भट्ट्या एकामागून एक विझल्या. कलेची नोंद राहावी म्हणून अशी एक भट्टी लाँगटनमध्येच १९७८ साली अखेरची पेटवली गेली.

हा मुलूख आपल्या मेथॉडिस्ट बंधुभगिनींना अगदीच परका नाही. जवळच्या बर्स्लेम गावी जॉन वेस्ली यांनी १७६० साली कुंभारांपुढे उपदेश केला, तेव्हा कोणीतरी मातीचे ढेकूळ त्यांच्या डोक्यावर फेकून मारले. वेस्ली विचलित झाले नाहीत, श्रोतेही झाले नाहीत. पुढे याच गावचा विल्यम क्लोज हा कुंभार प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट पंथाच्या संस्थापकांपैकी एक झाला.

भट्टीच्या आत शिरल्यावर मात्र आमचे लक्ष एका ओबडधोबड वस्तूने वेधून घेतले. आपल्याकडे आव्यात मडकी, गोवऱ्या आणि पेंढा एकत्र रचतात. जाळ थेट मडक्याला लागतो आणि कुठे काळा डाग पडतो. खानापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. लाँगटनमध्ये तसे चालत नसे. नाजूक पेले-बश्या जाड, खरबरीत मातीच्या डब्यांत ठेवत आणि ते डबे एकावर एक चढवून भट्टी भरत. या डब्याला सॅगर म्हणतात. ज्वाळा, धूर आणि काजळी सॅगरच्या वाट्याला. पेला आत शुभ्र राही. पुष्कळ भाजण्या सोसून सॅगर तडकला, की त्याचा चुरा नव्या सॅगरच्या मातीत मिसळत.

सॅगर म्हणजे ख्रिस्त, एवढे सांगून उपदेश येथेच संपवता आला असता. ती शिकवण खोटीही नाही. पण संग्रहालयातून फिरताना त्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची हकिगतही समजते, आणि ती समजल्यावर आम्हांला तसे थांबवेना.

पहिल्या भाजणीत भांड्यांचा आकार बिघडू नये म्हणून ती गारगोटीच्या बारीक पुडीत बसवत. भट्टी उघडल्यावर ती पूड ब्रशाने झाडून काढायचे काम बहुतेक बायकांकडे असे. पूड फुप्फुसांत जाई आणि दम कायमचा जाई. चकाकी आणणाऱ्या लेपात शिसे असे. त्यात हात बुचकळून काम करणाऱ्यांना, त्यांत लहान मुलेही होती, शिशाची विषबाधा होई. कच्च्या शिशाचा लेप कायद्याने बंद व्हायला १९४७ साल उजाडले. पेल्यासाठी सॅगर होता. या माणसांसाठी नव्हता.

त्यांना परमेश्वर भाजत होता काय?

यिर्मयाचा अठरावा अध्याय पुन्हा उघडून पाहा. त्यात भट्टी नाहीच! चाक आहे, हातात बिघडलेले भांडे आहे, आणि तोच गोळा टाकून न देता त्याचे दुसरे भांडे घडविणारा कुंभार आहे. भट्टी त्यात आपण उपदेशकांनी घातली. परमेश्वर आपल्या लोकांना शुद्ध करतो हे शास्त्र सांगते, यशया ४८:१० आणि मलाखी ३:३ साक्षीला आहेत. परंतु मलाखीतला शुद्ध करणारा रुप्याजवळ बसून असतो, भट्टी पेटवून घरी निघून जात नाही. आणि दानीएलाच्या पुस्तकातली भट्टी? ती नबुखद्नेस्सराच्या क्रोधाने सातपट तापविलेली होती. परमेश्वराने ती पेटविली नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांच्याबरोबर आत चौथा दिसला तो त्याच्याकडचा. म्हणून समाधानाचे शब्द बोलण्यापूर्वी विचारले पाहिजे, ही भट्टी कोणी पेटवली?

हा प्रश्न इंग्लंडातच राहिलेला नाही. वडोदरा आणि इंदूर येथील वाचकांच्या वाटेवरच गोध्रा आहे. तेथल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत झाबुआ, अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर कामाला गेले आणि तीच पूड छातीत घेऊन परतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. त्या घरांत जाऊन परमेश्वराने तुम्हांला भट्टीत घातले असे म्हणणे, म्हणजे नबुखद्नेस्सराचे काम देवाच्या नावावर मांडणे होय. तेथे याकोब ५:४ वाचावे. राबणाऱ्यांची बुडविलेली मजुरी कोणाच्या कानी जाते ते त्या वचनात आहे.

या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. खोकला, धाप, खंगणे अशी लक्षणे क्षयासारखीच असल्याने कित्येकदा रोग्यावर क्षयाचेच उपचार चालू राहतात, आणि तो पूर्वी कोणत्या कामाला होता हे विचारायचे राहून जाते. पाळक आजाऱ्याजवळ बसतो, त्याच्याजवळ वेळ असतो. प्रार्थनेपूर्वी त्याने एवढे विचारावे, आणि उत्तर मिळाले तर ते कागदावर लिहून रोग्याबरोबर दवाखान्यात जावे.