बस कुठे आहे?

जुन्या बसचे घर करायचे, तर आधी तिचे बसपण उतरवावे लागते. बाकडी उचकटायची, दांडे कापायचे, आतला पत्रा सोडवून त्यामागचा गंज खरवडायचा. छप्पर उन्हाळ्यात तव्यासारखे तापणार, म्हणून त्याला आतून अस्तर द्यायचे. काम सारे पाना-छिन्नीचे. पण नेमके काय काढले म्हणजे बस संपते?

मुलांना मी हा प्रश्न घालतो, तेव्हा ती ‘इंजिन’ म्हणतात. परंतु रस्त्यात बंद पडलेली बसही बसच असते. ‘मिलिंदपञ्हा’त नागसेन मिनँडर राजाला असेच विचारतो: तू रथातून आलास, तर रथ कुठे आहे? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो आणि अखेर कबूल करतो, की या साऱ्यांच्या आधाराने चालणारे ‘रथ’ हे केवळ एक नाव आहे.

उत्तर तर्काला पुरते. मला पुरत नाही. नाव खरे, पण ते कशाला दिलेले?

1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. तो रस्ता आमच्या वढू बुद्रुकजवळच्या कोरेगाव भीमावरून जातो. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला जात विचारायची नाही, हा त्या गाडीच्या दाराचा धर्म. बस म्हणजे कुणालाही चढता येईल असे दार. आणि घर म्हणजे कुणी आत यावे हे आपल्याला ठरवता येईल असे दार. बाकडी निघाली म्हणून बसचे घर होत नाही. दाराला आतून कडी बसते, तेव्हा होते.

मग हा सर्वांच्या वस्तूचा एकट्याने घेतलेला ताबा नव्हे काय, असे कुणी विचारील. मला तसे वाटत नाही. ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्या पाहाव्या. पाचटाच्या भिंती आणि दाराच्या जागी एखादे फडके. कडी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिथल्या बाईला विचारावे. 2016 साली पुण्यात जुन्या बसगाड्यांची ‘ती’ नावाची स्त्रियांची स्वच्छतागृहे करण्यात आली. चढायला कुणाही स्त्रीला मोकळीक, आणि आत गेल्यावर कडी. दाराचे दोन्ही धर्म एकाच गाडीत नांदले.

म्हणून बसचे घर करणाऱ्याने बाकी सारे खुशाल काढावे. एक गोष्ट तेवढी ठेवावी. एस.टी.त लिहिलेले असते: ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. कडीने बाहेरच्याला थोपवता येते. पण आतल्या माणसाला कोंडायलाही तीच कडी पुरते. विटामातीच्या कितीतरी घरांत असा मार्ग कुणी ठेवलेलाच नसतो. तिथल्या सुनेला माहेरही उरले नसेल, तर तिने रात्री कुठल्या दाराने निघावे? जिथून निघता येत नाही, त्याला चार भिंती असल्या तरी घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.