अभिमन्यूच्या मागे कोण होतं?



आजचं वाचन महाभारताच्या द्रोणपर्वातलं आहे. युद्धाचा तेरावा दिवस, चक्रव्यूह आणि अभिमन्यू. गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने व्यूहात शिरायचं कसं ते ऐकलं, पुढे आईला झोप लागली आणि बाहेर पडायचं ऐकायचं राहून गेलं. तात्पर्यही पाठ आहे: अर्धवट ज्ञान घातक. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा हे उदाहरण हमखास येतं.

पण मूळ प्रसंग सावकाश वाचला की हे तात्पर्य टिकत नाही. तिथे अभिमन्यू आपलं अपुरेपण लपवत नाही. युधिष्ठिराला तो सरळ सांगतो की वडिलांनी मला व्यूह फोडायला शिकवलंय, पण आत संकटात सापडलो तर बाहेर पडणं मला येत नाही. म्हणजे ही उणीव सगळ्यांना आधीच माहीत होती. त्यावर वडीलधाऱ्यांचं उत्तर असं की तू फक्त वाट करून दे, त्याच वाटेने आम्ही तुझ्या पाठोपाठ आत येतो. भीम होता, सात्यकी होता, धृष्टद्युम्न होता. त्याने आत शिरायचं आणि बाकीच्यांनी मागची वाट उघडी ठेवायची, असं ठरलं होतं.

अभिमन्यूने आपलं काम चोख केलं. तो आत गेला. मागची वाट मात्र जयद्रथाने अडवली आणि पोरगा आत एकटा पडला. म्हणून मला वाटतं, अभिमन्यू अर्धवट ज्ञानामुळे गेला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. जे तुटलं ते त्याच्या मागे तुटलं.

हे आज लिहायचं कारण सांगतो. बोरिवलीत आमचा रविवारचा गीता वर्ग भरतो. तिथे लहानपणापासून येणारा एक मुलगा आता अग्निवीर म्हणून सैन्यात जातोय. तो कधी शाळेत गेला नाही. आईने घरीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर. दहावी आणि बारावी त्याने एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसून केली. मागच्या रविवारी वर्ग संपल्यावर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले आणि म्हणाले, "काळजी करू नकोस, आम्ही आहोत तुझ्या मागे." त्याच्या आईने चपला घालता घालता हळूच विचारलं, "म्हणजे नक्की कुठे असणार तुम्ही?" काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

या प्रश्नात बरंच काही आहे. शाळेत शिकलेला मुलगा फौजेत गेला की त्याच्या मागे शाळा असते. फळ्यावर नाव लागतं, सरांचे फोन येतात, बॅचचा ग्रुप असतो, सुट्टीवर आला की सत्कार होतो. घरी शिकलेल्या मुलाची शाळा, गुरुजी, मधली सुट्टी हे सगळं एकाच दारामागे असतं. त्या आईचा मुलगाही जातो आणि विद्यार्थीही जातो. ज्या टेबलावर रोज वह्या उघडल्या जायच्या, ते एका सकाळी नुसतं टेबल उरतं. अभिमन्यूचंही बघा. वडील वनवासात होते तेव्हा तो आजोळी द्वारकेत वाढला, शस्त्रं शिकला ती घरच्याच माणसांकडून. घरी मिळालेलं शिक्षण कमी नसतं. फक्त त्याच्या मागे उभी राहणारी माणसं मोजकी असतात, आणि म्हणून त्यातला एकेक माणूस महत्त्वाचा असतो.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. पिढ्यानपिढ्या तिथल्या घरातून कुणी ना कुणी फौजेत जातं. तिथल्या आईला "कुठे असणार तुम्ही" असं विचारावं लागत नाही, कारण शेजारणीचाही मुलगा सीमेवर असतो. आपल्याकडे? मालाडला मार्व्याच्या बाजूला नौदलाचं आयएनएस हमला आहे, कुलाब्याला छावणी आहे, पण आपल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला मुलगा लडाखला आहे हे आपल्याला वॉचमनकडून कळतं. गाव आपोआप मागे उभं राहतं. उपनगरात ठरवून उभं राहावं लागतं.

आता द्रोणपर्वात थोडं पुढे जाऊ. संध्याकाळी अर्जुन छावणीत परततो, त्याला मुलाचं कळतं, आणि तो आपल्याच भावांना विचारतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा की ही चिलखतं आणि शस्त्रं तुम्ही शोभेसाठी घालता का, आणि तुमचे शब्द फक्त सभेत बोलण्यापुरतेच आहेत का? हे वाचलं की 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टचे आपले स्टेटस आठवतात. तिरंगा, सॅल्यूटची इमोजी, जय हिंद. त्यात वाईट काहीच नाही. पण अर्जुनाचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

भीम आणि सात्यकी पळाले नव्हते, त्यांनी शर्थ केली. जयद्रथाला शंकराचं वरदान होतं की अर्जुन सोडून बाकी पांडवांना तो रोखू शकेल, आणि तेसुद्धा एकच दिवस. एकच दिवस! अडथळ्याला तेवढाच वेळ पुरला. आपला जयद्रथ कोण असेल तर तो विसर आहे. मुलगा गेल्यावर पहिल्या आठवड्यात घरी रोज फोन येतात. तिसऱ्या महिन्यात येत नाहीत. रिलीज असतं, लोकलची गर्दी असते, मुलांच्या परीक्षा असतात. आणि नेमका कुणाचा तेरावा दिवस कधी उजाडेल, हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणून प्रार्थनेचा नेम लागतो. आठवण आली की प्रार्थना करू, असं म्हटलं तर ती आठवण जयद्रथाच्या हातात जाते. आमच्या क्षेत्रात ऑन-कॉल म्हणतात ना, तसंच हे. बहुतेक रात्री काहीच घडत नाही, पण कुणीतरी जागं आहे या भरवशावर बाकीचे झोपतात. गीतेच्या आठव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सर्व काळी स्मरण ठेवायला सांगतात आणि त्याच दमात लढायलाही सांगतात. जो सीमेवर आहे त्याच्या वाट्याला लढणं मोठं येतं, स्मरणाला कधी कधी वेळच मिळत नाही. आपण घरी बसून त्याच्या वाटणीचं स्मरण करायचं.

प्रार्थना केली म्हणजे त्याला काही होणार नाही का? तसं मी म्हणणार नाही. अभिमन्यू प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा भाचा होता. पार्ल्याचे कॅप्टन विनायक गोरे 1995 साली काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे 7 ऑगस्ट 2018 रोजी गुरेझमध्ये. ही आपल्याच वेस्टर्न लाइनवरची घरं आहेत, तिथेही देवघरात दिवा लागत होता. प्रार्थना म्हणजे विमा नाही. विनायक यांच्या आई अनुराधा गोरे यांनी मुलाच्या मागे लेखणी हातात घेतली, आणि त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'वारस होऊ अभिमन्यूचे'. त्या नावातच आपल्याला काय करायचं ते आलं. वारसाने नुसतं हळहळायचं नसतं, जबाबदारी घ्यायची असते.

मग काकूंना उत्तर काय द्यायचं? आमच्या वर्गाने चार गोष्टी ठरवल्यात. तुमच्या ओळखीतही असा मुलगा किंवा मुलगी असेल तर बघा जमतंय का.

पहिली, पत्र. जवानाच्या पत्त्यात गाव नसतं. क्रमांक, नाव, युनिट आणि 56 एपीओ किंवा 99 एपीओ एवढंच असतं, आणि फौजेचं टपाल खातं ते पत्र कुठेही पोचवतं. 2020 साली लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली होती. पत्रावर अशी वेळ येत नाही. प्रत्येकाने महिन्यातून एक पान लिहायचं. त्यात उपदेश नको. वझिऱ्याच्या गणपतीला किती गर्दी होती, नॅशनल पार्कात बिबट्या कुणाला दिसला, हे लिहा.

दुसरी, तो कुठे आहे हे विचारायचं नाही आणि त्याचा वर्दीतला फोटो पुढे पाठवायचा नाही. हेही मागची वाट राखणंच आहे.

तिसरी, त्याच्या घरी जायचं. सणाला तर जायचंच, पण एखाद्या साध्या मंगळवारीही. काकूंनी दहा-बारा वर्षं शिकवलंय, वर्गातल्या लहान मुलांचं गणित त्यांच्याकडे द्यायचं. ते टेबल रिकामं राहू द्यायचं नाही.

चौथी सगळ्यात लांब पल्ल्याची. अग्निपथ योजना 2022 साली आली. सेवा 4 वर्षांची, आणि त्यानंतर कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीची मुलं ऐन तारुण्यात घरी परततात. व्यूहात शिरायचं शिक्षण त्यांना फौज देईल. बाहेर पडल्यावरची वाट आपण तयार ठेवायची: पुढचं शिक्षण, नोकरीची ओळख, रात्री झोप येत नसेल तर शेजारी बसणारं माणूस. चार वर्षांनी तो दारात उभा राहील तेव्हा आपल्याला त्याचं नाव आठवायला लागू नये.

आणि रोज रात्री ही प्रार्थना. पाठ करायची गरज नाही, आपल्या शब्दांत म्हणा.

हे पार्थसारथी, आमचं लेकरू आज जिथे असेल तिथे तू त्याच्याजवळ राहा. त्याचा हात स्थिर ठेव आणि मन निर्वैर ठेव, कारण तूच गीतेत सर्व भूतांविषयी निर्वैर व्हायला सांगितलं आहेस. त्याच्या शेजारी उभा असलेला जवान तुला कुठल्याही नावाने हाक मारत असेल, त्यालाही सांभाळ. समोरच्या बाजूलाही कुणाचं तरी लेकरू आहे, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. त्याच्या आईला रात्रीची झोप दे. आणि आम्ही दिलेला शब्द सभेपुरता राहू देऊ नकोस. आमच्या कंटाळ्याला आणि विसराला एका दिवसाचंही वरदान देऊ नकोस.

आज रात्री एका जवानाचं नाव घेऊन दिवा लावा. कुणी ओळखीचं नसेल तर आपल्या इमारतीत विचारा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कुणीतरी असतंच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥